पाऊस पेठला, पाणी सिल्वासाला : एकाच दिवसाचे तीन आकडे, आणि तिन्ही खरे

सिल्वासा, प्रतिनिधी :

पावसाळ्यात आमच्याकडे एक फोन ठरलेला असतो. पेठहून मामा विचारतात, "काय रे, तुमच्याकडे कसा आहे?" मी किल्वणी नाक्यावर उभा असतो. रस्ता नुसता ओलसर, रेनकोट स्कूटरच्या डिकीत. "काही नाही मामा, भुरभुर आहे." तिकडून मामा म्हणतात, "मग नदीकडे जाऊ नको. इथं रात्रीपासून दार उघडता येत नाही." आणि त्याच दिवशी दमणगंगा खरोखरच फुगलेली दिसते.

अशा दिवशी मोबाइलवर तीन वेगवेगळे आकडे फिरतात. एक म्हणतो सिल्वासात दोन इंच, दुसरा म्हणतो दादरा नगर हवेलीत १२० मिमी, तिसरा म्हणतो गुजरात विभागात पाऊस अजून सरासरीच्या खाली. मग ग्रुपवर भांडण, कोण खोटं बोलतंय? बहुतेक वेळा कुणीच नाही.

मी कॉमर्सचा माणूस, हवामानशास्त्र माझा विषय नव्हे. पण इतकी वर्षं पावसाचे आकडे बातमीत लिहिल्यावर एक सवय लागली आहे. आकडा आला की आधी तीन गोष्टी विचारायच्या : कुठं मोजला, किती तासांतला, आणि किती जागेवरचा. यातला तिसरा प्रश्न सगळ्यांत कमी विचारला जातो आणि घोळ बहुतेक तिथंच असतो.

इंच, मिलिमीटर आणि सकाळचे साडेआठ

आधी साधा घोळ मिटवू. गुजरातच्या बाजूला लोक पाऊस इंचात बोलतात, महाराष्ट्रात मिलिमीटरमध्ये. एक इंच म्हणजे २५.४ मिमी, म्हणजे चार इंच झाले की साधारण शंभर मिमी. हवामान विभागाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा असतो. गुजरातच्या राज्य आपत्कालीन केंद्राचा तालुकानिहाय तक्ता सकाळी सहा ते सहा असा चालतो. सहा ते साडेआठ या वेळेत जोराची सर आली, तर ती एका तक्त्यात आजची आणि दुसऱ्यात कालची. पाऊस तोच, फक्त जमाखर्चाची तारीख वेगळी.

मिमी म्हणजे काय, हेही एकदा सांगतो, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे. एक चौरस मीटर सपाट जागेवर एक मिमी पाऊस पडला की ते पाणी बरोबर एक लिटर. भांड्याचं तोंड लहान असो की मोठं, बाजू सरळ उभ्या असल्या की खोली तीच येते. म्हणून घरच्या डब्यातही पाऊस मोजता येतो. मी पहिल्या वर्षी डबा पत्र्याच्या कडेला ठेवला होता. सकाळी बघतो तर काठोकाठ! बातमी टाकणारच होतो, तेवढ्यात बायकोनं पागोळ्यांकडे बोट दाखवलं. पत्र्यावरचं सगळं पाणी डब्यात. तेव्हापासून डबा अंगणात, झाड-भिंतीपासून लांब.

ढग केवढा असतो?

पावसाळ्यात सिल्वासा ते खानवेल रस्त्यावर नेहमी जाणाऱ्यांना हे माहीत आहे. रखोलीचा पूल ओलांडेपर्यंत कोरडं, पुढं वळण घेतलं की समोर पांढरी भिंत, आणि दोन-चार किलोमीटरवर परत ऊन. बैलाचं एक शिंग ओलं, एक कोरडं, असं आपल्याकडे म्हणतात ते उगीच नाही. गडगडाटी पावसाचा एकटा ढग काही किलोमीटर रुंद असतो. तो वाढतो, कोसळतो, संपतो, आणि हे सगळं साधारण अर्ध्या ते एका तासात उरकतं. असे अनेक ढग एकत्र आले की त्यांचा जथा होतो, तो शंभर-दोनशे किलोमीटर पसरतो आणि काही तास टिकतो. त्याच्यावर आणखी मोठी व्यवस्था असते : गुजरातपासून केरळपर्यंत किनाऱ्याला समांतर असणारा कमी दाबाचा पट्टा, जो दिवसेंदिवस राहतो.

आपल्या भागाचा एक खास प्रकारही आहे. गुजरात आणि उत्तर कोकणासमोरच्या समुद्रावर, जमिनीलगत फारसं काही दिसत नसताना, तीन ते सहा किलोमीटर उंचीवर एक भोवरा तयार होतो आणि अनेक दिवस पाऊस ओततो. १९६३ च्या जुलैत, आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या काळात, विमानं उडवून असा एक भोवरा नीट तपासला गेला, तेव्हा कुठं त्याची रचना समजली. मामांचं दार उघडू न देणारा पाऊस बहुधा अशा मोठ्या व्यवस्थेतला असतो. किल्वणी नाक्यावर अचानक धो धो येऊन जाणारी सर मात्र एकट्यादुकट्या ढगाची.

मोठ्या व्यवस्थेच्या आतसुद्धा लहान ढग आपली मर्जी चालवतातच. २६ जुलै २००५ चं उदाहरण महाराष्ट्रात कुणाला सांगावं लागत नाही. त्या चोवीस तासांत मुंबईच्या सांताक्रूझ केंद्रावर ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला. त्याच मुंबईच्या कुलाबा केंद्रावर किती? ७३ मिमी. दोन्ही केंद्रं हवामान विभागाचीच, अंतर जेमतेम पंचवीस किलोमीटर. कुलाब्याचा आकडा पाहून कुणी म्हटलं असतं की मुंबईत बरा पाऊस झाला, तर ते कागदोपत्री खरंच होतं. आणि दोन्ही केंद्रांची सरासरी काढली, तर सुमारे ५०९ मिमी येते. तेवढा पाऊस या दोन्हींपैकी एकाही ठिकाणी पडला नव्हता.

डोंगराचा पाऊस आणि नशिबाचा पाऊस

दोन गावांत पाऊस वेगळा का पडतो, याची दोन कारणं आहेत आणि ती वेगळी ठेवावी लागतात. एक कारण ढगाचं, म्हणजे नशिबाचं. आज सर नरोलीवर आली, उद्या मसाटवर. दुसरं कारण डोंगराचं, आणि डोंगर काही हलत नाही.

समुद्रावरून आलेली ओली हवा दमणच्या किनाऱ्यावरून सिल्वासाकडे सरकते, मग खानवेल-दुधनीच्या टेकड्या लागतात आणि पुढे थेट सह्याद्री. हवा वर चढली की थंड होते आणि पाणी सोडते. म्हणून किनाऱ्यापेक्षा आत, आणि आतल्यापेक्षा घाटात पाऊस जास्त. आपल्याकडे वर्षाला २०० ते २५० सेंटिमीटर पाऊस पडतो. शेजारचा कपराडा गुजरातच्या सगळ्यांत ओल्या तालुक्यांत मोडतो, तो याच चढणीमुळे. घाटमाथा ओलांडला की चित्र फिरतं. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिमीच्या पुढे, आणि पंचेचाळीसेक किलोमीटरवरच्या नाशिक शहरात सातशेच्या आसपास. म्हणजे एकाच जिल्ह्यात, एका तासाच्या रस्त्यावर, चौपट फरक.

आता या दोन कारणांचा फरक बघा. नशिबाचा पाऊस महिन्याभरात बराचसा फिटतो. नरोलीची हुकलेली सर पुढच्या आठवड्यात मिळते. डोंगराचा फरक मात्र फिटत नाही, तो दरवर्षी तसाच राहतो. एखाद्या दिवशी नरोली खानवेलला मागं टाकेल, पण अख्ख्या हंगामात तसं होणं कठीण. दिवसाचा नकाशा ठिपक्याठिपक्यांचा असतो, हंगामाचा नकाशा डोंगरासारखा दिसतो.

पण भाताला हंगामाची सरासरी पुरत नाही. राबातलं रोप तयार झालं की लावणीला त्याच पंधरवड्यात खाचरात पाणी उभं राहावं लागतं. तेव्हा सर शेजारच्या गावावर पडली आणि ऑगस्टमध्ये भरपाई झाली, तर जिल्ह्याचा हिशेब जुळतो, रोप मात्र पिवळं पडलेलं असतं.

टक्के तेच, अर्थ वेगळा

इथं माझं कॉमर्स कामाला येतं. पाच दुकानांच्या मालकाचा एकत्रित ताळेबंद नफ्यात असू शकतो आणि त्यातली दोन दुकानं बुडीत. पावसाचंही तसंच. समजा चार केंद्रं आहेत, प्रत्येकाची महिन्याची अपेक्षा सोपी म्हणून ६०० मिमी धरू. एकावर ९०० पडला, दुसऱ्यावर ६००, तिसऱ्यावर ४००, चौथ्यावर ४२०. सरासरी ५८०, म्हणजे अपेक्षेपेक्षा फक्त तीन टक्के कमी. बातमी येणार, 'पाऊस सरासरीइतका'. आणि तिसऱ्या गावात तूट ३३ टक्के. तिथल्या शेतकऱ्यानं ती बातमी वाचली तर तो बातमीदाराला शिव्या देणार. मी त्या खाल्ल्या आहेत.

हवामान विभागाला हे चांगलं ठाऊक आहे, म्हणून त्यांची फूटपट्टी जागेप्रमाणे बदलते. जिल्हा किंवा उपविभागासाठी सरासरीपेक्षा १९ टक्के कमी ते १९ टक्के जास्त, हे सगळं 'सामान्य'. वीस टक्के तूट झाली की 'अपुरा'. पण अख्ख्या देशासाठी 'सामान्य' म्हणजे फक्त ९६ ते १०४ टक्के, आणि ९० च्या खाली गेलं की 'अपुरा'. कारण सरळ आहे. जागा जितकी मोठी, तितकं कुठलं कमी कुठल्या जास्तीनं भरून निघतं आणि आकडा सरासरीला चिकटून राहतो. देशाची जून ते सप्टेंबरची सरासरी ८७ सेंटिमीटर धरतात. २००९ साली देशात सरासरीच्या ७८ टक्के पाऊस झाला, म्हणजे तूट २२ टक्क्यांची, आणि तो १९७२ नंतरचा सगळ्यांत वाईट दुष्काळ ठरला. एका जिल्ह्यात २२ टक्के तूट मात्र दरवर्षी कुठं ना कुठं असतेच, तिची पहिल्या पानावर बातमीही होत नाही. उलटही खरं आहे. २०२४ मध्ये देशाचा पाऊस १०८ टक्के झाला, सगळीकडे आनंदीआनंद, आणि त्याच वर्षी पंजाब 'अपुऱ्या' यादीत होता.

म्हणून 'टक्के' ऐकले की कशाचे, हे आधी विचारा. देशाचे, उपविभागाचे, जिल्ह्याचे, की तुमच्या मंडळाचे?

मंडळ म्हटलं की तलासरी, डहाणू, जव्हारकडचे वाचक कान टवकारतील. महाराष्ट्रात एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिमीपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला की साधारणपणे अतिवृष्टी धरतात आणि पंचनाम्याची चर्चा सुरू होते. राज्यात महावेध प्रकल्पाखाली मंडळनिहाय दोन हजारांहून जास्त स्वयंचलित केंद्रं उभी राहिली, पूर्वी तालुक्याला एखादं मापक असायचं, त्या मानानं हे मोठंच पाऊल. पण मंडळ म्हणजे अनेक गावं. ढग चार-पाच किलोमीटरचा आणि मापक तुमच्या शेतापासून आठ किलोमीटरवर असेल, तर बांध फुटूनही मापकात ४० मिमीच दिसू शकतात. यात मापक खोटं नाही आणि शेतकरीही नाही. मापकाचं तोंड दोनशे चौरस सेंटिमीटरचं, साध्या ताटाहूनही लहान, आणि ते कित्येक चौरस किलोमीटरच्या वतीनं बोलत असतं. ग्रामपंचायत पातळीवर मापकं बसवण्याचं केंद्राचं धोरण यासाठीच आहे.

किती मापकं पुरेशी, याचा भारतीय मानक ब्युरोचा निकष आहे : सपाट प्रदेशात ५२० चौरस किलोमीटरला एक, डोंगराळ आणि भरपूर पावसाच्या भागात १३० चौरस किलोमीटरला एक. दादरा नगर हवेलीचं क्षेत्रफळ ४९१. सपाट धरलं तर एकसुद्धा चालेल, डोंगराळ धरलं तर चार लागतील. दुधनी-कौंचाकडे गेलेला कुणीही माणूस सांगेल, आपण कुठल्या रकान्यात बसतो ते.

धरणाला लहान ढग दिसत नाही

आता नदीकडे येऊ, कारण जिवाचा प्रश्न तिथं आहे. नदी ही स्वतःच एक बेरीज आहे. दमणगंगा नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातल्या आंबेगावजवळ उगम पावते, पेठच्या डोंगरातून खाली येते, वाघ आणि साकरतोंडसारख्या नद्या तिला मिळतात, मधुबन धरणात थांबते, सिल्वासा-वापीजवळून जाऊन दमणला समुद्राला मिळते. लांबी १३१ किलोमीटर. पाणलोट क्षेत्र २,३१८ चौरस किलोमीटर, त्यातलं १,४०८ महाराष्ट्रात, ४९५ गुजरातमध्ये आणि ४१५ केंद्रशासित प्रदेशात. म्हणजे आपल्या नदीत येणाऱ्या पाण्याचं साठ टक्के अंगण महाराष्ट्रात आहे.

हिशेब करू. एक चौरस किलोमीटरवर एक मिमी पाऊस म्हणजे एक हजार घनमीटर पाणी. खानवेलजवळ पाच बाय पाच किलोमीटरचा एक ढग फुटला आणि त्यानं १०० मिमी ओतला, तर ते पंचवीस लाख घनमीटर. खालच्या नाल्याला पूर, लहान फरशीवरून पाणी, कदाचित वाहून जाणारी मोटरसायकल. मधुबन धरणाची एकूण क्षमता सुमारे ५६७ दशलक्ष घनमीटर. त्या ढगाचं सगळं पाणी धरणात आलं, तरी ते अर्धा टक्काही होत नाही. धरणाला तो ढग दिसतच नाही.

आता तोच १०० मिमी महाराष्ट्रातल्या १,४०८ चौरस किलोमीटरवर सरसकट पडू द्या. चौदा कोटी घनमीटर, म्हणजे धरणाचा जवळजवळ पाव हिस्सा, एका दिवसात. काही जमिनीत मुरेल हे खरं, पण जुलैअखेर जमीन तुडुंब झाल्यावर मुरणार किती? धरणाची पूर्ण पातळी ७९.८६ मीटर. ती जवळ आलेली असताना असं पाणी आलं की दरवाजे उघडण्याशिवाय इलाज नसतो. तेव्हा सिल्वासात थेंब पडलेला नसला तरी नदी भरून वाहते.

फसगत होते ती इथंच. माणूस आपल्या डोक्यावरचं आभाळ बघून नदीचा अंदाज बांधतो. नाल्यासाठी तो अंदाज बरोबर आहे, कारण नाल्याचं अंगण लहान आणि त्याचा पूर तुमच्याच ढगातून येतो, ताबडतोब. दमणगंगेसाठी तोच अंदाज घातक आहे. तिचा पूर दोन तालुके पलीकडच्या, आदल्या रात्रीच्या पावसातून येऊ शकतो. ३ ऑगस्ट २००४ चा पूर सिल्वासा, वापी, दमणमधले लोक अजून विसरलेले नाहीत. इतक्या मोठ्या पुराला एखाद-दुसरा ढग पुरत नाही, वरचं सगळं पाणलोट एकाच वेळी भिजावं लागतं.

कुठला अंदाज बघायचा?

देशात हवामान विभागाचे ३६ उपविभाग आहेत. आपण 'गुजरात विभागा'त मोडतो. पालघर 'कोकण आणि गोवा'मध्ये, नाशिक 'मध्य महाराष्ट्रा'त. एकच नदी आणि तिचं पाणलोट तीन उपविभागांत वाटलेलं. गंमत म्हणजे २०२० च्या २६ जानेवारीपासून आपल्याबरोबर एका प्रशासनात आलेलं दीव तर चौथ्याच उपविभागात आहे, सौराष्ट्र-कच्छबरोबर. आपला अंदाज अहमदाबादहून निघतो, पालघर-नाशिकचा मुंबईहून. सिल्वासाचा माणूस अहमदाबादचा अंदाज बघतो, त्यात पिवळा रंग दिसला की निश्चिंत होतो. त्याच वेळी मुंबईच्या पत्रकात नाशिक घाटासाठी लाल रंग असू शकतो.

'नाशिक घाट' हे शब्द नीट लक्षात ठेवा. मुंबईचं केंद्र नाशिक जिल्ह्याचा आणि नाशिक घाटाचा इशारा वेगवेगळा देतं, पुणे-साताऱ्याचंही तसंच. वर इगतपुरी आणि नाशिक शहराचा चौपट फरक पाहिला, त्यामुळेच हे करावं लागलं. दमणगंगेकाठच्या माणसासाठी सगळ्यांत कामाची ओळ तीच, आणि ती आपल्या राज्याच्या पत्रकात नसते.

त्या पत्रकातले शब्दही जागेचं माप सांगतात. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे निम्म्यापर्यंत. 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे पाऊण हिश्शापर्यंत आणि 'बहुतांश ठिकाणी' म्हणजे त्याहून जास्त. 'जोरदार' किंवा 'अतिजोरदार' हा शब्द एका ठिकाणी किती पडेल ते सांगतो. चोवीस तासांत ६४.५ मिमीच्या पुढे जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार, २०४.५ पासून अत्यंत जोरदार. 'तुरळक ठिकाणी अतिजोरदार' असेल तर नाल्याची काळजी करा, दुचाकी फरशीवर घालू नका. 'बहुतांश ठिकाणी' आणि त्यात नाशिक घाटाला लाल रंग असेल, तर नदीची.

तुमच्या गल्लीत दुपारी चार वाजता पाऊस पडेल का, हे आठवडाभर आधी कुणी सांगत असेल तर त्याला हसून सोडून द्या. जो ढग तासाभरात जन्मतो आणि मरतो, त्याचा अंदाज दोन-तीन तास आधी, रडारवर बघूनच देता येतो. त्यातही मुंबईच्या रडारपासून आपण सरळ रेषेत दीडशे किलोमीटर लांब. पृथ्वीच्या गोलाईमुळे त्याचा किरण आपल्यापर्यंत येईतो जमिनीपासून दोन-अडीच किलोमीटर वर गेलेला असतो, त्यामुळे टेकड्यांना लगटून पडणारा ठेंगणा पाऊस त्याच्या नजरेतून सुटू शकतो. संगणकाचे अंदाज मात्र बारीक होत आहेत. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेनं विकसित केलेली 'भारत फोरकास्ट सिस्टिम' मे २०२५ पासून वापरात आली. आधी चौकट बारा किलोमीटरची होती, आता सहा किलोमीटरची. पूर्वी अख्खी हवेली साडेतीन चौकटींत संपायची, आता साडेतेरा लागतात. तरीही एक चौकट ३६ चौरस किलोमीटरची आणि आपला खानवेलचा ढग पंचवीसचा, तो अजून तिच्या आत मावतो.

यंदा मी मोबाइलवर तीन पानं जपून ठेवली आहेत : अहमदाबादचं पत्रक, मुंबईच्या पत्रकातला नाशिक घाट आणि मधुबनची पातळी. चौथा मामांचा नंबर. पेठहून "दार उघडत नाही" असा निरोप आला की इथं ऊन असलं तरी नदीकाठच्या ओळखीच्या घरांना मी एक फोन करतो.